घंटेच्या आतलं नाव

खराडी ते कसबा पेठ म्हणजे काही लिहिण्याजोगा प्रवास नव्हे, मान्य. पण त्या रविवारी माझी जी दांडी गुल झाली, तशी लडाखलाही झाली नव्हती.

नणंदेच्या मुलानं कसब्यातल्या एका छोट्या देवळाचा फोटो पाठवला होता. घंटेवर चक्क इंग्रजी अक्षरं! माझे वडील, अण्णा, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त नौसैनिक. फोटो मोठा करून पाहिला आणि काठी घेऊन उठलेच. "ही आमच्या जहाजाची. चल, आत्ता."

गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जाईल. आम्ही शनिवारवाड्यापर्यंत रिक्षा केली. वाटेत अण्णांनी जहाजाची कुंडलीच मांडली. इंग्रजांनी महायुद्धात बांधलेली विनाशिका. अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांची राखण करायची, पाणबुड्यांच्या मागे लागायची. युद्धानंतर आपल्या नौदलात आली. नाव बदललं, घंटा मात्र जुनीच राहिली. शेवटी जहाज भंगारात गेलं. पुढचं पुजारीकाकांकडून कळलं: कुणा भाविकानं जुन्या बाजारातून घंटा घेऊन देवाला वाहिली होती.

कोपऱ्यावर गरमागरम साबुदाणा वडा मिळतो, जरूर खा. अण्णांनी त्याला हातही लावला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

देवळात ते घंटेखाली उभे राहून म्हणाले, "आत बघ."

"अहो, घंटा वाजवायला असते, वाचायला नाही," पुजारीकाका म्हणाले.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. आत सुबक कोरलेली इंग्रजी नावं.

"इंग्रज खलाशांची पोरं ती," अण्णा म्हणाले. "घंटा उलटी करून, तिच्यात पाणी भरून बारसं करायचे. मग नाव आत कोरायचे. मी रोज पुसायचो ना ती. खाली बघ, काठाशी."

काठाशी वेडंवाकडं, देवनागरीत: कुमुद.

"ही कोण?"

"तुझी मोठी बहीण."

त्रेपन्न वर्षं मी या घरात एकुलती एक म्हणून मिरवतेय!

"आम्ही समुद्रात असताना मुलगी झाल्याचं पत्र आलं. म्हटलं, त्यांच्या पोरांची नावं आहेत, माझ्या पोरीचं का नको? खिळ्यानं कोरलं. बारसं मी आल्यावर करायचं ठरलं होतं. पोचायच्या आत ती गेली."

"आणि आईला नाव सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

पुजारीकाकांनी अण्णांना स्टूल आणून दिलं. म्हणाले, "बसा. सावकाश वाजवा." अण्णांनी एकदाच वाजवली.

परतताना मी अण्णांवर चिडले, मग रडले, रिक्षावाला आरशातून बघत राहिला. अजूनही तो धक्का ओसरलेला नाही.

घरी आई मेथी निवडत होती. अण्णांनीच मला देवळात काढलेला नावाचा फोटो दाखवायला लावला आणि खालमानेनं सगळं सांगितलं. आईनं चष्मा लावून नाव दोनदा वाचलं.

"मी आपली नुसतं बाळ म्हणत राहिले हो," ती म्हणाली. "एवढी वर्षं."

मग तिनं मला विचारलं, "घंटा रोज वाजते ना तिथं?"

"वाजते," मी म्हटलं. "दिवसभर."