कोयनाचं माहेर

आमच्या शिकारी मंडळात एक शनिवार घालवला की महिनाभर पुरतील एवढे किस्से मिळतात. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या बाहेर मक्याची शेतं, शेतांत रानडुकरं, त्यांच्यामागे कुत्री आणि कुत्र्यांमागे आम्ही. मी मूळची कराडची, गाड्यांच्या ब्रेक्सची इंजिनिअर. शिकारीचं लायसन्स पहिल्या झटक्यात काढलं. आता फक्त शिकारी कुत्र्यांची पैदास करणाऱ्या हेर ब्रांट यांच्याकडचं पिल्लू हवं होतं. डुकरांवर सोडायला त्यांच्या वाख्टेलहुंड जातीसारखी कुत्री आमच्या भागात कुणाकडेच नाहीत.

*

ब्रांट मागितलं म्हणून पिल्लू देत नाहीत. आधी घर बघतात. आले, कुंपण हलवून पाहिलं, सोफ्याखाली वाकून बघितलं. मग टेबलाशी बसून चौकशी: दिवसा घरी कोण असतं? सुट्टीत कुत्रा कुणाकडे ठेवणार? दर उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या माझ्या सासूबाई समोरच होत्या. ते गेल्यावर म्हणाल्या, "मुलगी बघायला येणारेसुद्धा एवढं विचारत नाहीत गं. पोहे मात्र दोनदा घेतले."

*

पास झालो. पिल्लू निवडायला आम्ही दोघी गेलो. ब्रांटनी रानडुकराचं वाळकं कातडं दोरीने ओढत नेलं. एका गुटगुटीत पिल्लाने धावत जाऊन त्यात दातच रोवले. मी म्हटलं, हाच! ब्रांट म्हणाले, हा नवशिक्यांसाठी नाही, याला मी ठेवणार.

मला त्यांनी एक मादी दाखवली. ती दोन पावलं मागे सरली आणि तिथूनच भुंकत राहिली. थांबेचना. डुकराला उठवायचं आणि स्वतःही जगायचं तर कुत्रा असाच हवा, असं त्यांचं म्हणणं. मी हिरमुसले. सासूबाई खूश. "आमच्या धाकट्या वन्सं अशाच. लांबूनच भांडायच्या, पण समोरचा उठून जायचा."

*

एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं इथे एकाच अक्षराने ठेवतात. त्या वर्षी 'क' होता. जर्मन लोकही पत्रिका बघतात, अशी सासूबाईंची खात्रीच पटली. मी नाव ठेवलं कोयना. ब्रांटकडच्या तिच्या दांडगट भावाचं नाव कैझर.

*

पहिल्याच मोठ्या शिकारीत कैझर थेट डुकराच्या अंगावर गेला. टाके पडले, जीव वाचला, पण आता डुकराचा वास आला की तो गाडीखाली शिरतो. पैदाशीतून बाद.

कोयनाची परीक्षा कुंपण घातलेल्या रानात झाली, खऱ्या डुकरापुढे. ती लांब उभी राहून भुंकली, भुंकली, शेवटी डुक्कर कंटाळून उठलं आणि चालू लागलं. परीक्षक म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी असंच हवं. पैदाशीची परवानगी मिळाली. ब्रांट बराच वेळ तिचा कान खाजवत बसले.

*

या उन्हाळ्यात कोयनाला आमच्या स्वयंपाकघरात पिल्लं झाली. कुत्र्याला घाबरणाऱ्या सासूबाईंनी तिला स्वतःच्या हाताने पेज भरवली.

मग ब्रांट आले. त्यांची म्हातारी कुत्री गेली होती, कैझर बाद. त्यांनी आयुष्यभर जपलेला वंश आता आमच्याच घरी उरला होता. एक पिल्लू मिक्सरपासून दोन पावलं लांब उभं राहून त्याच्यावर भुंकत होतं. ब्रांटनी टोपी काढून हातात घेतली आणि हळूच म्हणाले, "ही मला द्याल का?"

मी हो म्हणणार, एवढ्यात सासूबाईंनी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

"खाऊ देत त्यांना आधी," त्या मला म्हणाल्या. "मग विचार, दिवसा घरी कोण असतं?"