माकूल भाजलं त्या दुपारी

बाबा गेल्यावर पाच महिन्यांनी मी आईला जपानला, इचिकावाला आणलं. तेव्हा मी जपानी कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर प्रोग्रॅमर होतो. आई जन्माची मासेखाऊ, पण वर्षश्राद्ध होईपर्यंत मासे खायचे नाहीत असं तिनं आपल्या मनानंच ठरवलं होतं. माझ्यावर आणि बायकोवर तिची काही सक्ती नव्हती.

एका रविवारी बायकोनं माकूल, म्हणजे स्क्विड, आणलं. शेजारच्या कोरियन बाईंनी तिला शिकवलं होतं: मिरचीची दाट लाल पेस्ट, लसूण, सोया सॉस, थोडी साखर, सगळं चोळून भाजायचं. शेगडीखालच्या ग्रिलमधून पहिल्या माकुलाचा धूर येऊ लागला तशी आई आतल्या खोलीतून उठून आली.

"अगं, आडव्या चिरा दे त्याला. नाहीतर वळेल," ती म्हणाली आणि बायकोच्या हातातून सुरी घेऊन उरलेल्यांना स्वतःच चिरा देऊ लागली. इतक्या महिन्यांत तिला असं उत्साहानं काही करताना मी पाहिलं नव्हतं.

ताटं घेतली. आईनं वरणभात कालवला, आणि मग हात पुढे करून माकुलाचा एक तुकडा उचलला.

"आई, अजून वर्ष व्हायचंय," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. तुकडा तिनं ताटाच्या कडेला ठेवला. "हो रे. विसरलेच," म्हणाली आणि भात खाऊ लागली. तिचे कान लाल झाले होते.

बायको स्वयंपाकघरात माझ्यावर उखडली. "तू खातोयस की! मग त्यांनाच का?"

आई ते खाताना दिसली असती तर बाबा खरोखरच गेले असं वाटलं असतं, एवढंच आज सुचतं. तेव्हा तेही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी म्हणालो, "आई, काल चुकलं माझं. तुला हवं ते खा."

"तू कुठे चुकलास? ठरवलं मीच होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. गॅलरीत कपडे वाळत घालत राहिली.

तीन महिने राहायला आलेली आई दीड महिन्यातच परत गेली. "घर बंद आहे," एवढंच कारण सांगितलं. वर्षश्राद्धाला मी मुंबईला गेलो. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून माकूल आणलं. तिनं मला करून वाढलं, स्वतः मात्र घेतलं नाही.

"आता इच्छाच होत नाही," ती म्हणाली. मी आग्रह केला नाही.