बोटीच्या कठड्याची तार

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आम्ही चौघे एका शिडाच्या बोटीवरून शर्यतीत उतरायचो. एका वर्षी आदल्या दिवशीच तपासनिसाने डेकभोवतीच्या कठड्याची तार गंजली म्हणून बोट नापास केली. सकाळपर्यंत नवी पोलादी तार लावायची, नाहीतर शर्यत नाही, असा नियम होता.

मिरकरवाड्यातल्या दुकानात दोन प्रकार मिळाले. आमच्या कप्तानाला पांढऱ्या प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली तार पसंत पडली, कारण टेकलं तरी ती काचत नव्हती. आमच्यातल्या वयस्कर खलाशाला सगळे चाचा म्हणत. त्यांनी चाकूने वेष्टणाचं टोक सोललं. आत गंज होता.

"चाचा, घ्यायच्या आधीच सोलताय काय?" दुकानदार ओरडला.

"तुझ्या कपाटात गंजली, दर्यात काय दिवे लावील?" चाचा म्हणाले.

मग त्यांनी दुसऱ्या, उघड्या तारेवरून कापसाचा बोळा फिरवला. तारेच्या पिळातला एखादा धागा तुटलेला असता तर कापूस अडकला असता. तो अडकला नाही. आम्ही तीच घेतली आणि रातोरात कठड्याला ताणून बसवली.

सकाळी ताण तपासायला तपासनीस नव्या तारेवर बसला आणि त्याने दोन्ही पाय उचलले. तार जेमतेम वाकली.

"उतरा आता, साहेब," चाचा म्हणाले, "शर्यत आमची आहे."

त्याने हसत सही केली.