खारीसाठी लावलेला कौल

लालासाहेबांनी आयुष्यात एकही निर्णय स्वतः घेतला नव्हता, आणि म्हणूनच त्यांचं आयुष्य सुरळीत चाललं होतं.

फौजेत ते ड्रायव्हर. गाडी कुठं न्यायची ते साहेब सांगत, कधी न्यायची ते सुभेदार सांगे आणि कुठं वळायचं ते डोंगर ठरवी. हवालदार होऊन पेन्शनीवर आष्ट्याजवळच्या आपल्या गावी आले, तर इथंही सगळा कारभार तयारच होता. ऊस कधी तोडायचा ते कारखाना ठरवी, पाणी कधी पाजायचं ते वीजवाले ठरवीत आणि उरलेलं सगळं त्यांची बायको राहीबाई. राहीबाई रोज सकाळी आतून हाक मारायच्या, "आवं, आज भाजी काय करू?" लालासाहेब म्हणायचे, "कर काय बी." लग्न झाल्यापासून या उत्तरात एका अक्षराचाही फरक पडला नव्हता.

अशा माणसाच्या गळ्यात एक उंदीर पडला.

उंदीर म्हणजे मादी. नात उत्कर्षानं बारावीच्या परीक्षेनंतर सांगलीच्या एका दुकानातून ती आणली. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. पुढं उत्कर्षाला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. होस्टेलवाले बाहेरचा डबा आत येऊ देत नव्हते, ते उंदीर कसा येऊ देतील? "आबा, दोन आठवडे सांभाळा फक्त," म्हणून ती गेली. त्या दोन आठवड्यांना आता दोन वर्षं होत आली होती.

यात गंमत अशी, की उसाला उंदीर लागला की गाव लालासाहेबांनाच बोलवायचं. भरड्यात औषध आणि गोडं तेल कालवून बिळाबिळाशी पुड्या ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शेजारच्या नाथाजीनं पिंजरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "वा रं गड्या! रानात म्हसणवटा आन् घरात पाळणा!"

पण खारीनं लालासाहेबांना पार गुंडाळून टाकलं. संध्याकाळी ते बातम्या लावून खाटेवर बसले, की ती त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला धरून मनगटापासून चढायला लागायची. कोपरापाशी एक वळसा, मग दंड, मग खांदा. खांद्यावर पोचली की कानाशी मिश्या हलवत बातम्या संपेपर्यंत बसायची. राहीबाई म्हणायच्या, "त्या घाणीला मी हात लावनार न्हाई." आणि भाकरीचा पापुद्रा पिंजऱ्याच्या दाराशी कोण ठेवून जातं, हे लालासाहेब कधी विचारायचे नाहीत.

दसऱ्याच्या सुमारास तिच्या काखेत शेंगदाण्याएवढी गाठ हाताला लागली. संक्रांतीपर्यंत तिचं लिंबू झालं. मानेजवळ आणखी एक आली, हरभऱ्याएवढी. आता खारी कोपरापर्यंत यायची, तिथं गाठ आडवी यायची आणि ती घसरून लालासाहेबांच्या मांडीवर पडायची.

गाईला इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी खारी दाखवली. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा आपल्या सुईकडं. "आबा, ही सुई हिच्या आरपार जाऊन तुम्हाला लागंल. सांगलीला न्या."

सांगलीच्या दवाखान्यात लालासाहेब चपातीचा डबा मांडीवर घेऊन बसले. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. एका बाजूला लॅब्राडोर, दुसऱ्या बाजूला एका बाईंच्या हातातल्या टोपलीत मांजर. मांजर डब्याकडं असं टक लावून बघत होतं, की बाई म्हणाल्या, "काका, डब्यात काय मासे आहेत का?" लालासाहेबांनी झाकण उचलून दाखवलं. त्यांचा नंबर लगेच लागला. खरं तर सगळ्यांनीच त्यांना पुढं जाऊ दिलं.

डॉक्टर वीरधवल तरुण होते, पण त्यांनी खारीला माणसासारखं हातात घेतलं. सगळीकडून दाबून पाहिलं, छातीला नळी लावली. "काखेतली गाठ सुटी आहे, निघेल. पण तिचं वय झालंय. आपल्या हिशेबानं पंचाहत्तरीच्या पुढची म्हातारी. भूल सोसेल असं वाटतं, खात्री नाही देता येत. नाही काढली तर वाढत जाईल. काढली तरी दुसरीकडं येणार नाही असं नाही."

"मग करायचं का न्हाई?"

"ते तुम्ही ठरवायचं, आबा."

"आवं, डॉक्टर तुमी हाय का मी?"

"डॉक्टर मी. खारी तुमची."

लालासाहेबांनी दवाखान्याच्या पायरीवरूनच उत्कर्षाला फोन लावला. ती आधी रडली, मग नाक ओढत म्हणाली, "आबा, ती तुमच्याजवळ असते. तिचं तुम्हालाच कळतं. तुम्ही ठरवाल ते." लालासाहेब फोनकडं बघतच राहिले. साहेबानं घाटात स्टिअरिंग हातात द्यावं आणि स्वतः गाडीतून उतरून जावं, तसं झालं त्यांना.

नाथाजीला विचारलं, तर तो म्हणाला, "तुझ्या माळ्यावर औषधाचा डबा हाय की. त्याचा इलाज लय जुना." हसता हसता त्याला लालासाहेबांचा चेहरा दिसला, आणि तो बैलांना वैरण टाकायची राहिली म्हणून उठून गेला. बैल त्यानं केव्हाच विकले होते.

शेवटी राहीबाईंना विचारलं. घरातला नारळ कधी फोडायचा इथपासून पोराचं लग्न कुठं करायचं इथपर्यंत सगळं ठरवणारी ही बाई. ती म्हणाली, "तुमचा उंदीर, तुमी बघा."

माणसं संपली. उरला देव.

रविवारी अंघोळ करून लालासाहेब भैरोबाच्या देवळात गेले. ज्योतिबा गुरव कौल लावायचा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर जोंधळ्याचा एकेक भिजवलेला दाणा चिकटवायचा. उजवा पडला तर करायचं, डावा पडला तर नाही.

"कुनासाठी?" ज्योतिबानं विचारलं.

उंदरासाठी म्हणायला जीभ वळेना. "घरातलीच हाय. वय झालंय. गाठी आल्यात. ऑपरेशन करावं का नगं, इचार."

ज्योतिबाचा हात थांबला. आवाज खाली आला. "तिला सांगितलंय का?"

"तिला काय कळतंय त्यातलं!"

"व्हय, ते बी खरंच. भ्यायची उगं." ज्योतिबानं डोळे पुसले. गाभाऱ्यातला धूर फार झाला असेल, असं लालासाहेबांना वाटलं.

दाणे चिकटवले. दोघं हात जोडून बसले. समई तडतडली, बाहेर कुणीतरी घंटा वाजवून गेलं, दाणे हलले नाहीत. लालासाहेबांच्या मांडीला मुंग्या आल्या. इतक्यात देवाच्या पाठीमागून एक शेपूट दिसलं. देवळातलाच काळा उंदीर. तो सरळ देवाच्या दंडावरून चढला, डाव्या खांद्यावरचा दाणा तोंडात घेतला आणि आल्या वाटेनं गेला.

"डावा!" लालासाहेब ओरडले.

"गप. ह्यो धरायचा न्हाई," ज्योतिबा म्हणाला. "दाणा पडला न्हाई, नेला."

"पर डावाच का नेला म्हंतो मी? ह्या कामात त्याचा सल्ला लय मोलाचा हाय."

"त्याचा काय संबंध?"

लालासाहेब समईकडं बघायला लागले. "एकदा लावल्याला कौल आठ दिस पुन्हा लावत न्हाईत," एवढं सांगून ज्योतिबानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धर, फौजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई अंगणात वाकळ आपटत होत्या. ज्योतिबाची बायको सुलाबाई शहाळं घेऊन आली आणि वाकळ त्यांच्या हातातून काढून घेतली. "उठलीस कशाला गं? पड की." पाठोपाठ दोघी केळी घेऊन, एक जण बिस्किटाचे पुडे घेऊन. आजाऱ्याला बघायला मोकळ्या हातानं जायची गावात रीतच नाही. घटकाभरात खाटेवर छोटा बाजार भरला आणि राहीबाईंना मधोमध बसवून बाया डोळ्याला पदर लावायला लागल्या. नाथाजीही कुंपणापाशी टोपी काढून उभा.

"या वयात कापाकापी नगं, राहीबाई."

"गप गं. माझ्या नणंदेनं करून घेतली, आता डोंगर चढतीया."

"कसली कापाकापी?" राहीबाईंनी विचारलं.

सुलाबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, अजून सांगितलं न्हाई व्हय हिला?"

राहीबाईंचा चेहरा उतरला. वाकळ आपटणारे हात मांडीवर येऊन पडले. दाराशी लालासाहेब उभे होते, त्यांच्याकडं बघून त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आवं, मला काय झालंय?"

लग्न झाल्यापासून हा आवाज लालासाहेबांनी ऐकला नव्हता. ते घाईघाईनं पुढं आले. तळहातावर खारी.

"तुला न्हाई, तुला काय बी न्हाई. हिला झालंय."

सगळ्यांनी वाकून तळहाताकडं पाहिलं. मग कुंपणापलीकडं नाथाजी खाली बसला, तो हसून हसून उठेचना. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. सुलाबाईनं मात्र शहाळं उचलून काखेत घेतलं. "नवऱ्याला दावते माझ्या! उंदराला कौल लावतोय मुडदा!"

राहीबाई हसल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, "उद्या मला खरंच झालं, तर तुमी देवाला इचारशीला, डॉक्टरला इचारशीला, त्या नाथाजीला बी इचारशीला. मला कवा इचारशीला?"

आणि वाकळ आपटायला गेल्या. या वेळी जरा जोरातच.

त्या संध्याकाळी लालासाहेबांनी बातम्या लावल्या नाहीत. मनगट पुढं केलं आणि खारीला सोडलं. ती चढली, कोपरापाशी अडकली, पडली. पुन्हा मनगट. पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी ती कोपरापाशी थांबली, गाठीकडं वळून तिला दातानं ढकलायला लागली, जणू कुणी वाटेत टाकलेला धोंडाच. मानेजवळच्या गाठीकडं तिचं लक्षही नव्हतं. पडल्या पडल्या भाकरीचा तुकडा खाल्ला, मिश्या पुसल्या आणि चौथ्यांदा निघाली.

लालासाहेब बघत राहिले. गाडी त्यांना कळत होती. इंजिन चांगलं आहे, डिझेल घेतंय, घाट चढायची तयारी आहे. चाकात दगड अडकलाय. तो काढायला पाहिजे. पत्र्याला पोचा आलाय म्हणून कुणी अख्खी गाडी खोलत नाही.

"डॉक्टर," त्यांनी फोनवर सांगितलं, "काखेतली काढा. मानंजवळची राहू द्या."

"एकदा भूल दिल्यावर तीही काढता येईल, आबा."

"नगं. ती तिच्या वाटंत न्हाई. लवकर आवरा आन् लवकर उठवा."

डॉक्टर म्हणाले, "हे बरोबर बोललात. पण टेबलावर काही झालं तर?"

"तर आबानं ठरवलं व्हतं, आसं उत्कर्षाला मी सांगीन."

सांगलीला नाथाजीच्या जीपमधून गेले. चपातीचा डबा राहीबाईंच्या मांडीवर होता. "तुमी डबा हिंदकळवताय," एवढंच म्हणून त्यांनी तो काढून घेतला होता. दवाखान्याच्या बाकावर तिघं बसले. लालासाहेब ताठ, परेडला उभे असल्यासारखे. नाथाजी दर थोड्या वेळानं विचारायचा, "काय कळलं का रं आतनं?" राहीबाई म्हणाल्या, "माळ्यावर औषधाचा डबा हाय म्हणून सांगत व्हता न्हवं तुमी?" नाथाजी चहा आणायला गेला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा डब्यात खारी एका कुशीवर पडली होती. अर्धं अंग भादरलेलं, डोळे अर्धवट. लालासाहेबांनी बोट पुढं केलं. बराच वेळ काही नाही. मग एक मिशी हलली, मग नाक, आणि मग तिनं त्या बोटाला हळूच दात लावून पाहिले. लालासाहेब खाकरले आणि भिंतीवरचं कुत्र्यांच्या लसीचं पत्रक फार लक्ष देऊन वाचायला लागले.

"टाके कुरतडू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं.

राहीबाईंनी त्याच दुपारी उरलेल्या खणाचा तुकडा काढून खारीला काठाची चोळी शिवली. खारीनं ती एका रात्रीत कुरतडून टाकली. दुसरी शिवली, तीही खाल्ली. पण चोळ्या खाण्याच्या नादात तिला टाक्यांकडं बघायला सवडच झाली नाही, आणि जखम भरून आली. राहीबाईंचा निम्मा खण संपला. "हात लावनार न्हाई" हे वाक्य मात्र त्यांनी बदललं नाही.

होळीच्या आधी एका संध्याकाळी खारी मनगटावरून निघाली. कोपरापाशी बसली, दम खाल्ला. मग दंड, मग खांदा. कानाशी मिश्या हलल्या. बातम्यांत काय चाललं होतं ते त्या दिवशी लालासाहेबांना कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. मानेजवळची गाठ हरभऱ्याची वाटाण्याएवढी झाली होती. ती त्यांना ठाऊक होती. खारीला फिकीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून हाक आली, "आवं, आज भाजी काय करू?"

लालासाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. खांद्यावरच्या खारीकडं पाहिलं. छाती फुगवून म्हणाले, "वांगं कर. भरलं वांगं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. राहीबाई दारात येऊन त्यांच्याकडं निरखून बघायला लागल्या.

"वांगी न्हाईत घरात. भेंडी हाय. भेंडी करते."

"मग इचारलंस कशाला?"

"इचारायला नगं?" म्हणाल्या आणि आत गेल्या. जाता जाता भाकरीचा पापुद्रा त्यांनी लालासाहेबांच्या खांद्यावर ठेवला.