फरशीखालचं सुरण

कुणी भुताखेताची गोष्ट सांगायला लागलं की मी उठून जातो. मिरचीच्या बाजारात उभं आयुष्य गेलं माझं... समोरचा माणूस खोटं बोलतोय हे गृहीत धरूनच आम्ही बोलणं सुरू करतो. म्हणून हे लिहायला मला दहा वर्षं लागली. वाचणाऱ्यांपैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर त्याने जरूर कळवावं. मी वाद घालीन, पण ऐकून घेईन.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मी मूळचा धानोऱ्याचा. लहानपणीच आई-बाप गेले, थोरल्या बहिणीने वाढवलं. तिला मी आक्का म्हणतो. पुढे नंदुरबारला आलो, पाठीवर पोती वाहिली आणि स्वतःचं मिरचीचं दुकान केलं. पुढे दुकान, मागे एक खोली. त्या खोलीत मी काळ्या दगडाची फरशी घातली. फरशीवाल्याशी तीन दिवस भाव करत होतो, चौथ्या दिवशी तो रडकुंडीला आला. फरशा बसवताना मी स्वतः समोर उभा होतो. खाली मुरूम धुमसून घेतला, सांधे चुन्याने भरून घेतले. हे एवढं सांगण्याला कारण आहे, लक्षात ठेवा.

आक्काचे यजमान, आमचे दाजी, काही वर्षं आफ्रिकेत एका पेढीवर कामाला होते. माझी फरशी बसली त्याच्या पुढच्या वर्षी ते धानोऱ्याला परत आले. ट्रंकेत कापड, घड्याळ, आणि एका मोज्यात गुंडाळलेले दोन गड्डे. आपल्या सुरणाच्याच जातीचे, पण लहान आणि जांभळट. दाजींनी ते परसात फेकल्यासारखे टाकले आणि विसरून गेले. जेठात त्यातून भाल्यासारखा कोंब आला. दांडा काळपट जांभळा, त्यावर गुलाबी ठिपके, वर छत्रीसारखं एकच पान. गावातली बायामाणसं बघायला यायची आणि लांबूनच परत जायची.

ते कसं वाढवायचं, कसं खायचं, हे मी शोधलं. मी आणि आक्काने. पहिल्या वर्षी भाजी केली तर माझा घसा असा सुजला की दोन दिवस मला बाजारात भाव बोलता येईना. (नंदुरबारात काहींना ते दोन दिवस अजून आठवतात.) मग चिंचेचं पाणी, मग राख, मग दोन्ही असं करत करत खाज गेली. दर वर्षी पान वाळलं की गड्डा काढायचा, कोरडा ठेवायचा, पुढच्या वर्षी पुन्हा लावायचा. दोनाचे सात झाले.

लावणीत आक्काची एक रीत होती. गड्ड्याचा डोळा वर करायचा, त्यावर चार बोटं माती, आणि मग फुटक्या बांगडीचा एक तुकडा. पुढे काढताना खुरपं त्या काचेला लागून वाजलं की थांबायचं. तिथून पुढे नुसते हात. खुरप्याचा एक ओरखडा लागला तरी गड्डा सडतो. मला उतावीळपणा फार, म्हणून ती माझं मनगट धरून बसायची आणि काच वाजली की म्हणायची, "खुरपं ठेव. आते हात."

आता माझ्या रागाचं सांगतो. सात गड्डे लावले त्या वर्षी श्रावणात शेतकी खात्याचा एक साहेब धानोऱ्याला आला. दाजींनी त्याला परसात नेलं आणि हे मी आफ्रिकेहून आणून वाढवलं म्हणाले. चिंच-राखेची युक्तीसुद्धा स्वतःची म्हणून सांगितली. साहेबाने वहीत लिहून घेतलं. मी तिथेच उभा होतो. माझी ओळख काय करून दिली? "हे आमचे शालकबुवा. मिरची विकतात." आजही बाजारात त्या गड्ड्याला दाजीचं सुरण म्हणतात. मोज्यात घालून आणणाऱ्याचं नाव झालं... जाऊ द्या.

दाजींचं मला नवल नव्हतं. आक्का दारात उभी होती, तिला सगळं माहीत होतं, आणि ती गप्प राहिली. ते मला लागलं. साहेबाची जीप वळताच मी कुदळ उचलली आणि म्हणालो, गड्डे माझे, मी घेऊन चाललो.

आक्का एवढंच म्हणाली, "पान उभं शे तवलग खणानं नही रे भाऊ."

हे मलाही ठाऊक होतं. पान उभं असताना जुना गड्डा आतून रिकामा झालेला असतो आणि नवा पुरता धरलेला नसतो. पण मी सातही उपटले. हाताला लागली ती पोचट सालं आणि त्यांना चिकटलेले लिंबाएवढे कोवळे गोळे. पोत्यात घालून नंदुरबारला आणले. दुकानाच्या ओट्यावरच ते चार दिवसांत सडून पाणी झाले. पोत्यासकट मी ते गावाबाहेर फेकून आलो. आफ्रिकेतून आलेलं ते वाण संपलं. माझ्या हाताने संपलं.

त्या भाऊबीजेला मी धानोऱ्याला गेलो नाही. आक्कानेही निरोप धाडला नाही.

वैशाखात दाजी दुकानात आले. आक्काच्या पोटात गाठ निघाली होती, चिंचपाड्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं होतं. ती तुझी वाट बघते, म्हणाले. गिऱ्हाईक समोर होतं, मी मान वर केली नाही. दाजी आले तसे परत गेले. हे लिहिताना आजही माझी मान खालीच आहे.

त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी, भर दुपारी, मी मागच्या खोलीत जेवायला गेलो. चार वर्षं त्या जागी मिरचीची पोती रचलेली असत. त्याच आठवड्यात माल गेला होता, म्हणून जागा मोकळी होती. तिथे दोन फरशांच्या सांध्यातून बोटभर काहीतरी वर आलेलं होतं. मला आधी सापाचं पिल्लू वाटलं. मी वजनकाट्याचं माप घेऊन वाकलो... काळपट जांभळा कोंब, त्यावर गुलाबी ठिपके. चुना फुटून बाजूला पडला होता आणि एक फरशी नखभर उचलली गेली होती.

बाहेर फुफाटा, खोलीत पाण्याचा थेंब नाही. कधीकाळी एखादा तुकडा घरंगळून सांध्यात गेला असेल, हे मलाही सुचलं. पण सांधा पक्का भरलेला. आणि फरशी बसली तेव्हा हे वाण आफ्रिकेतच होतं.

ताट तसंच ठेवलं, दुकान ओढून घेतलं आणि स्टेशन गाठलं. चिंचपाड्यापर्यंत गाडीत मी आक्काशी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो. एक वाक्य धड जमलं नाही. उभ्या आयुष्यात एवढं अडखळलो नव्हतो.

ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. ताप उतरत नव्हता. दाजी बाहेर बाकावर बसले होते, मला बघून नुसते सरकले, जागा करून दिली. डॉक्टर म्हणाले होते की आजची रात्र जाऊ द्या, मग सांगतो. आत एक नर्स आक्काच्या तळहातांना तेल चोळत होती. हात लालभडक, सुजलेले. नर्स मलबारकडची. तिने मलाच विचारलं, "इसने सूरन काटा क्या? ये सूरन का खुजली है, हमारे गाँव में सबको होता है." मी म्हणालो, ही तर आठ दिवस खाटेवर आहे. ती म्हणाली, वही तो. काल ऑपरेशनला नेलं तेव्हा हात स्वच्छ होते, गुंगी उतरली तेव्हा असे.

मी खाटेजवळ बसलो. आक्काने डोळे उघडले, मला ओळखलं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "उगनं का रे?"

मी मान हलवली.

"मी तुन्हा घर उनी व्हती. डोळा वर करीसन ठेयेल शे." खाटेवरून उठून माझ्या घरी येऊन गेली म्हणे. मग म्हणाली, "आते तरी पान वाळू दे."

मी हो म्हणालो. बाकी जुळवलेलं काहीच बोललो नाही. तिने परत डोळे मिटले. पहाटे ताप उतरला.

खोलीतला कोंब चार दिवसांत कमरेएवढा झाला आणि वर छत्री उघडली. मी त्याला जपलं, फरशीच्या फटीतून तांब्याने पाणी घातलं. माझ्यासारखा माणूस पानाला पाणी घालतोय हे बघायला शेजारचे व्यापारी यायचे. एक म्हणाला, विकतोस का? मी भावच सांगितला नाही. तो घाबरून गेला.

दिवाळीत पान वाळलं. भाऊबीजेला आक्का चालत दुकानाची पायरी चढली, मागे दाजी. ओवाळणं झालं आणि आम्ही फरशी उचलली. मुरूम तसाच, धुमसलेला, दगडासारखा. मी खुरप्याने कोरत गेलो. आक्का शेजारी बसून माझं मनगट धरून होती.

वीतभर खाली काच वाजली.

"खुरपं ठेव," आक्का म्हणाली. "आते हात."

हिरव्या बांगडीचा तुकडा होता, पिवळ्या टिकल्यांचा. दाजींनी तो हातात घेतला, उजेडाला धरला आणि ओळखला. हॉस्पिटलात जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनीच आक्काला तो नवा चुडा भरून आणला होता. ऑपरेशनच्या वेळी नर्सने बांगड्या उतरवून रुमालात बांधून त्यांच्याकडे दिल्या होत्या. घरी आल्यावर त्यात एक कमी भरली, म्हणून ते नर्सवर चिडले होते. मी तो चुडा त्याआधी कधी पाहिलाच नव्हता. भांडण झालं होतं ना आमचं.

खाली गड्डा होता. नारळाएवढा, एक ओरखडा नाही. डोळा वर.

आक्काला मी पुढे अनेकदा विचारलं. तिला एवढंच आठवतं की गुंगीत गार फरशी पायाला लागत होती आणि मिरचीचा ठसका येत होता. दाजींनी तर पुढच्याच बाजाराला सांगायला सुरुवात केली की त्यांच्या आफ्रिकेच्या मालाला मातीसुद्धा लागत नाही, फरशीतून उगवतो. मी ऐकून घेतलं. रागावलो, पण ऐकून घेतलं.

त्या एका गड्ड्यापासून आज धानोऱ्यात अकरा घरी ते वाण आहे. आक्का स्वतःच्या हाताने लावते, तिच्या हाताला आता खाज येत नाही. नर्सचं म्हणणं, मिरचीवाल्यांचं म्हणणं, एका सायन्सच्या मास्तरांचं म्हणणं, सगळं मी ऐकलं. एकाचाही हिशेब त्या बांगडीपाशी जुळत नाही.

मागच्या खोलीतली ती एक फरशी मात्र मी परत बसवलेली नाही. भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिथे पुन्हा काही उगवलं नाही. तरी दर वैशाखात पोती बाजूला करून मी एकदा बघतो, आणि तिथे उभा राहून आक्काला सांगण्यासाठी एक वाक्य जुळवतो. गेल्या भाऊबीजेला ते अर्धं बोलूनही झालं.

आक्का म्हणाली, राहू दे, कळलं.