व्हॅनवरची ओळ

काकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. शाळेची व्हॅन चालवायला लागले आणि ते आधी पोरांचे काका झाले, मग पोरांच्या आईबापांचे, मग दूधवाल्याचे, वाण्याचे, शाळेच्या शिपायाचे. एकदा तर बायकोच बोलता बोलता "काका, पान वाढलंय," म्हणून गेली आणि दोघं जेवण बाजूला ठेवून हसत सुटली. जगाचा काका व्हायचं म्हणजे चेष्टा नाही. तरुणपणी त्यांनी ट्रक चालवला होता, पण पोत्यांना कुठे तोंड असतं? व्हॅनमधल्या पोरांना मात्र तोंडच तोंड. कुणाला मागे बसवलं की उलटी होते, कुणाला खिडकी दिली नाही तर गंगायमुना वाहतात, कुणाचा आज पेपर आहे म्हणून चेहरा उतरलाय, हे काकांना आयांच्या आधी कळायचं. शेजारची पुढची जागा त्यांच्या नातीची. रोज सकाळी सून दारात पोरीचा हात त्यांच्या हातात द्यायची, आणि खरं सांगायचं तर त्या एका क्षणासाठी हा माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होत असे.

एका सकाळी ते किल्ली घेऊन खाली उतरले तर व्हॅन नुसत्या रिंगांवर बसलेली. चारही टायर फाडलेले. काचा फुटून आत सीटांवर पसरलेल्या, दोन सीटांचा स्पंज बाहेर आलेला. आणि पिवळ्या पत्र्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळ्या रंगात एक ओळ: याच्या गाडीत मुली पाठवू नका.

बस, एवढंच. मेल्याने शिवी तरी लिहायची. शिवीला शिवी देता येते, चार लोक आपल्या बाजूने उभे राहतात, म्हणतात, कुणीतरी जळतंय काकांवर. हे काय लिहिलं होतं? यात आरोप नाही, नाव नाही, का ते नाही. लिहिणारा मोकळा आणि वाचणाऱ्याने आपल्या मनाने पुढचं भरून घ्यायचं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि बादली आणायला वळले. मुलगा तेवढ्यात खाली आला होता. त्याने हात धरला. "बाबा, पुसू नका. पोलिसांना दाखवायला हवं. आत्ता पुसलंत तर उद्या म्हणतील, घाईघाईने पुसायची काय गरज होती?"

पोराचं चुकलं असं म्हणता येत नाही. काकांनी बादली खाली ठेवली.

चौकीत हवालदार भला वाटला. त्याने बसायला बाक दिला, मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "यात शिवी कुठे आहे?"

"शिवी नाही," काका म्हणाले.

"धमकी?"

"तशी धमकी पण नाही."

"मग हा तर सल्ला झाला की हो. सल्ल्याला मी कुठलं कलम लावू?" हवालदार स्वतःच्या विनोदावर थोडा हसला, मग काकांचं तोंड बघून थांबला. "टायर-काचांची तक्रार घेतो. साहेब येतील, पंचनामा करतील. तोवर गाडीला हात लावायचा नाही."

साहेब काही आले नाहीत. आज बंदोबस्ताला गेलेत, आज कोर्टात आहेत, आज रजेवर आहेत. काका रोज जात, बाकावर बसत आणि वाटाण्याच्या अक्षता घेऊन परत येत. इकडे व्हॅन गल्लीच्या तोंडाशी उभी. काकांच्या बायकोने जुनी चादर आणून त्या ओळीवर टाकली, पण वाऱ्याने चादर उडायची, आणि वारा नसला की लोक उचलून बघायचे. ज्यांचा या गल्लीशी कधी संबंध आला नव्हता तेही इकडून जाऊ लागले. चादरीखाली काय असेल या विचारानेच ओळ दुप्पट मोठी झाली. शेवटी काकांनीच चादर काढून टाकली. म्हणाले, वाचा, पोट भरून वाचा.

मग फोन सुरू झाले. काय गोड बोलत होते सगळे. "काका, आता हिचे बाबाच सोडतात, त्यांची वेळ बदललीय." "काका, आम्ही घर बदलायच्या विचारात आहोत." "काका, तुमची गाडी नीट झाली की बघू." एकानेही त्या ओळीचं नाव काढलं नाही. अळीमिळी गुपचिळी. आधी मुलींच्या घरचे गेले, मग मुलांच्या घरचेही. काकांनी उत्तर तयार ठेवलं होतं, रात्रंदिवस मनात घोकलेलं, पण प्रश्नच येत नव्हता. प्रश्न आल्याशिवाय उत्तर देणाऱ्याला लोक वेडा म्हणतात, नाहीतर चोर. एकदा त्यांनी शाळेच्या शिपायाला आपण होऊनच सांगायला सुरुवात केली, "मी कधी कुणा पोरीला..." शिपायाने घाईने दोन्ही हात हलवले. "छे छे काका, आम्ही काही म्हटलं का?" आणि तो घंटेची वेळ नसताना घंटेकडे निघून गेला.

असं कोण लिहील? काकांनी सगळी माणसं आठवून पाहिली. ज्याच्या गिऱ्हाइकांनी काकांची गाडी धरली तो दुसरा व्हॅनवाला? दारू पिऊन पोराला घ्यायला आलेला तो बाप, ज्याच्या हाती त्यांनी पोर दिलं नव्हतं? की नुसतीच टवाळ कार्टी, काय लिहितोय तेही न कळणारी? कशाचाच पत्ता लागला नाही, आणि पुढेही लागला नाही.

शेवटी एका दुपारी साहेबांच्या ऐवजी तोच हवालदार आला. त्याने टायर पाहिले, काचा पाहिल्या, मोजपट्टीने ओळ मोजली. मग ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा बाहेर काढला.

"हे काय?"

"पोरं विसरतात ते," काका म्हणाले.

हवालदाराने झाकण उघडलं. आत केसांच्या क्लिपा होत्या, रिबिनी होत्या, एक छोटा मोजा, खोडरबरं, एक काचेचं कानातलं. संध्याकाळी गाडी झाडताना सापडायचं ते काका डब्यात टाकायचे आणि पोरांनी ओरडून मागितलं की काढून द्यायचे. अनेक वर्षं हेच चाललं होतं. डब्यात पोरांच्या गोट्याही होत्या, पण त्या तळाला. वर दिसत होत्या त्या क्लिपा आणि रिबिनी.

गल्लीत एव्हाना पाच-पंचवीस माणसं जमली होती. हवालदाराने आवाज खाली आणला, एवढं त्याचं भलेपण मान्य करायला हवं. "काका, खरं सांगा. कधी काही झालंय का?"

इतक्या दिवसांत तोंडावर विचारणारा तो पहिला माणूस. काकांना त्याचा राग यायला हवा होता, पण आलं ते रडू. घोकलेलं उत्तर जागेवर नव्हतंच. "नाही," एवढंच निघालं, तेही इतकं बारीक की हवालदाराला पुन्हा विचारावं लागलं.

"हा डबा मी नेतो," तो म्हणाला. "बघायला लागेल. तुम्ही आता गाडी साफ करा, माझं काम झालं."

आणि तो डबा काखेत मारून, सगळ्या गल्लीच्या देखत, चालत निघाला. चालताना आतल्या क्लिपा वाजत होत्या. तक्रार केली कुणी, झडती कुणाची! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

काका आणि मुलगा साफसफाईला लागले. काचा सीटांच्या शिवणीत अडकल्या होत्या, त्या चिमट्याने काढाव्या लागल्या. मुलाने थिनर आणलं. काकांनी चिंधी भिजवली आणि एकेका अक्षरावरून घासायला सुरुवात केली. इतक्या दिवसांच्या उन्हाने काळा रंग पत्र्यात मुरला होता. निघत नव्हता म्हणून त्यांनी जोर लावला, नखांनी खरवडलं, बोटं सोलवटली तरी थांबले नाहीत. काळं गेलं. पण त्याबरोबर खालचा पिवळाही गेला, आणि नेमका अक्षरांच्या वळणाने गेला. मागे सरून बघतात तो तीच ओळ, आता पांढऱ्या अस्तरात, आधीपेक्षा स्वच्छ.

"अख्खा पत्राच घासायला हवा होता, बाबा," मुलगा म्हणाला.

"आधी बोलायचं होतंस."

"मला तरी कुठे सुचलं."

मुलगा हात धुवायला वर गेला तो परत खाली आला नाही. काका व्हॅनच्या पायरीवर बसून राहिले. त्या रात्री डब्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. मुलाने नाही, सुनेने नाही. जेवताना सगळे ताटातच बघत होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी दाढी केली. व्हॅन चालण्यासारखी नव्हती, पण शाळा पायी जाण्याइतकी जवळ होती आणि इतके दिवस ते नातीला रस्त्याच्या कडेने चालतच सोडत होते. दारात उभे राहिले. नात दप्तर घेऊन बाहेर आली, तिने सवयीने हात पुढे केला. मागून सून आली, पायात चपला घालूनच.

"आजपासून मीच सोडते हिला, बाबा. मला त्या बाजूला कामच असतं."

सुनेचं ऑफिस शाळेच्या बरोबर उलट्या दिशेला होतं. हे तिला माहीत होतं, काकांनाही, आणि काकांना माहीत आहे हे तिलाही.

"बरं," काका म्हणाले. "बरंच झालं."

"मला आजोबांबरोबर जायचंय," नात म्हणाली.

"उशीर होतोय," म्हणत सुनेने तिचा हात घट्ट धरला. वळणावर पोरीने मागे बघितलं, सुनेने नाही.

काका आत आले. बायको खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती. ते तिच्या समोर जमिनीवर टेकले. चाळीस वर्षांचा संसार. ही बाई मनातली गोष्ट कधी पोटात ठेवणारी नव्हे, मीठ जास्त झालं तर ती शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं सांगायची. हिने तरी विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं. विचारलं असतं तर या वेळी "नाही" मोठ्याने म्हणता आलं असतं, तिच्या डोळ्यांत बघून. ते वाट बघत राहिले.

बायकोने खडा काढून बाजूला ठेवला. मग ताट जरा हलवून म्हणाली, "तिचं मनाला लावून घेऊ नका. मुलीची जात, जपलेलं बरं असतं."

काकांनी तिच्याकडे बघितलं. तिने मान वर केली नाही.