वाचलेल्या पुस्तकांची प्रतवारी

गेल्या वर्षी मी पन्नास पुस्तकं वाचायची नवऱ्याशी पैज लावली. जिंकले तर बैठकीतलं काचेचं कपाट माझ्या पुस्तकांना, नाही तर त्यांच्या कबड्डीच्या ढाली तिथंच राहणार. पुस्तक शंभर पानांच्या वर हवं आणि संपलं त्याच दिवशी वहीत नोंद.

नोंदीत पानं, एका ओळीत गोष्ट आणि प्रत. तीन तारे आणि चार तारे यांतला फरक मला कधी कळला नाही. आमचे हे दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवतात, तीच पद्धत मी उचलली. सगळ्यात वर 'लांब धागा', मग 'मध्यम', मग 'फरदड', म्हणजे हंगाम संपल्यावरही ओढत नेलेलं, आणि तळाला 'कवडी'. रडवणाऱ्या पुस्तकापुढे 'ओलावा जास्त'.

एकतीस डिसेंबरला दुपारी पन्नासावी नोंद करून वही त्यांच्यापुढे ठेवली आणि मी फडकं घेऊन कपाटाच्या काचा पुसायला लागले.

"बारा नंबर," त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "मास्तरांचा चष्मा विहिरीत पडतो."

"हो."

"छत्तीस नंबर. मास्तरांचा चष्मा विहिरीत पडतो."

फडकं हातातच राहिलं. आमच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं निळ्या कापडात बांधतात, नावाचं पान बहुतेक गेलेलं असतं. आणि मी इतकी भराभर वाचत होते की दुसऱ्यांदा ओळखलंसुद्धा नाही.

"आन् प्रत पाह्य. एकदा कवडी, एकदा लांब धागा. असा ग्रेडर जिनिंगात असता तं दुपारीच हाकलला असता."

मला हसू आवरेना. पण झाली होती एकोणपन्नास, आणि दोन वाजले होते. घरात न वाचलेलं एकच पुस्तक होतं, एकशे चाळीस पानांचं. माझा वेग तासाला पस्तीस पानं. आजचा स्वयंपाक तुमच्याकडे, असं सांगून बसले.

घोटाळा असा की पुस्तक भयंकर विनोदी निघालं. मी हसले की स्वयंपाकघरातून, "काय झालं?"

"तुमी मले वाचू देऊन नाही राह्यले. मुद्दाम करता."

"मुद्दाम कायले करू? मोठ्यानं वाच ना मंग."

मोठ्यानं म्हणजे तासाला पंधरा पानं. आकडेमोड मला येते. तरी मोठ्यानंच वाचलं. खिचडी खाली लागली, ती आम्ही पातेल्यातूनच खाल्ली. रात्री सव्वाअकराला माझा आवाज बसला तेव्हा वीस पानं उरली होती.

"आता मनात वाचते," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "अर्ध्या तासाचं काम हाय."

"आन् त्या नवरदेवाचं काय झालं, मले कसं समजन?" त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, चष्मा लावला आणि वाचायला लागले. मी पोट धरून ऐकत बसले. पुस्तक संपलं तेव्हा बारा वाजून गेले होते.

ऐकलेली पानं मी वाचलेल्यात धरत नाही. वहीत एकोणपन्नास लिहिलं, ढाली जागच्या जागी आहेत.

"ह्या वर्षी किती?" सकाळी त्यांनी चहा पिताना विचारलं.

"पंचवीस," मी म्हटलं. "पण सगळी मोठ्यानं."